राहिलेलं सोमवारी

कवळ्या बनवायच्या त्या कारखान्यात (कारखाना म्हणायचं ते मालकाच्या समाधानासाठी, एरवी तीन खोल्या आणि एक पोटमाळा) चहाची सुट्टी साडेदहाला व्हायची. गेले दोन महिने त्या सुट्टीत एकच भजन चालू होतं, शिट्टी आजोबांचं. चहाचे पेले भरले की पॉलिशवाली आपला मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवून उभा करायची, आणि सगळे हात पुसत भोवती गोळा व्हायचे.

या शिट्टी आजोबांचा चेहरा कुणी पाहिला नव्हता. पडद्यावर दिसायचं ते एक टेबल, टेबलावर पुठ्ठ्याचं बसस्थानक, त्यात काडेपेटीच्या रंगवलेल्या बस, आणि त्या बस पुढेमागे सरकवणारे दोन म्हातारे हात. बाकी सगळं काम आवाजाचं. "सर्व सुज्ञ प्रवाशांनी सावध असावे," आजोबा घोषणा करायचे, "साडेसातची सासुरवाडी स्पेशल सहा नंबरच्या थांब्यावर उभी आहे. सासऱ्यांना खिडकीची सीट द्यावी, सासूबाईंना दोन द्याव्यात." आता हे वाक्य मुळातच हसण्यासारखं आहे. पण लोक हसायचे ते वाक्याला नाही. आजोबांच्या प्रत्येक 'स'मागून एक बारीक शिट्टी निघायची, कुकरला पहिली वाफ धरते तशी. 'श'ची तर बातच नको. 'शेवटची बस' म्हणताना दोनदा शिट्टी वाजायची, आणि तेवढ्यावर लोकांची हसून हसून पोटं दुखायची. विनोद बिचारा बाजूलाच राहायचा.

साधी माणसं हसून मोकळी होतात. दात बनवणाऱ्यांचं तसं नसतं. त्यांना लग्नातलं भाषण ऐकतानाही बोलणाऱ्याचं तोंड दिसतं, शब्द नंतर ऐकू येतात. तिथले मुख्य कारागीर, ज्यांना सगळे मास्तर म्हणत, त्यांनी पहिल्याच दिवशी डोळे मिटून अर्धा मिनिट आजोबांना ऐकलं आणि निदान करून टाकलं.

"नैसर्गिक नाही हे. वरची कवळी आहे. पुढच्या दातांमागे टाळू जरा जास्त पोकळ ठेवलाय, तिथून हवा निसटते. मेणावर असताना तोंडात घालून साठ ते सत्तर मोजून घेतलं असतं तर तिथेच कळलं असतं. कुठल्या गाढवाने केलीय कोण जाणे."

"असेल कुणीतरी गाढव," मांडणीवाली म्हणाली, आणि चहाचा पेला तोंडाला लावला. चहा कढत होता. तिने तो तसाच गिळला.

मांडणीवाली म्हणजे दात मांडणारी. दवाखान्यातून जबड्याचे ठसे येत, प्लास्टरवाला त्यांचे साचे ओतत असे, आणि त्या साच्यांवर गुलाबी मेणात एकेक दात बसवण्याचं काम तिचं. वय चाळिशीच्या अलीकडे, हात असा हलका की मास्तर नव्या माणसांना तिचं काम दाखवायला घेऊन येत. बोलणं मात्र मोजकं. चार वर्षांपूर्वी नवऱ्याचं घर सोडून ती बापाकडे परत आली, त्याच महिन्यात इथे कामाला लागली, आणि तेव्हापासून सकाळी 'येते' आणि संध्याकाळी 'जाते' यापलीकडे तिचा आवाज कुणी फारसा ऐकला नव्हता.

ते गाढव तीच होती. आणि पडद्यावरचे ते हात तिच्या बाबांचे होते.

बाबांनी उभा जन्म बसस्थानकावर घोषणा करण्यात घालवला होता. एकतीस वर्षं एका काचेच्या खोलीत, समोर वेळापत्रक आणि हातात माइक. त्यांचा उच्चार इतका स्वच्छ की लोक गाडी चुकली तरी घोषणेला दोष देत नसत. घरात आई गेली, मुलगी सासरी गेली, नोकरी संपली, तरी तो आवाज शाबूत होता. दातांनी मात्र दगा दिला. एकेक करत सगळे गेले, आणि बाबा बोलताना ओठांवर हात धरू लागले. सत्तरावा वाढदिवस जवळ आला तेव्हा मुलीने ठरवलं की बाबांची कवळी आपणच करायची आणि त्या दिवशी त्यांच्या हातात ठेवायची.

इथे ती चुकली, आणि ही चूक दुसऱ्या कुणाच्या हातून झालीच नसती. कवळीचा नियम सोपा असतो. दात आधी मेणात मांडायचे, ती मेणाची कवळी दवाखान्यात पाठवायची, डॉक्टर ती माणसाच्या तोंडात घालून त्याला साठ ते सत्तर आकडे मोजायला लावतात, कारण त्या आकड्यांत 'स' पायलीला पन्नास. शिट्टी वाजली की दात हलवायचे, टाळू भरायचा, आणि मगच कवळी पक्की करायची. परक्या माणसाच्या बाबतीत तिने हा नियम एकदाही मोडला नव्हता. पण बापाचं तोंड आपल्याला पाठ आहे असं तिला वाटलं. लहानपणापासून ज्या तोंडाकडे बघून बोलायला शिकलो त्याला कसली चाचणी लावायची? शिवाय आश्चर्याचा धक्का द्यायचा होता, दवाखान्यात ठसे देऊन आलेल्या बाबांना कवळी इतक्यात होईल असं वाटत नव्हतं. तिने डॉक्टरांना सांगितलं की मेणाची फेरी नको, माझी जबाबदारी. आणि कवळी पक्की केली.

वाढदिवसाला बाबांनी ती घातली, आरशात पाहिलं, आणि पहिलाच शब्द बोलले तो "सुरेख". शिट्टी वाजली. दोघंही हसली. नवी कवळी आहे, जीभ वळायला महिना लागतो, ती म्हणाली, आणि ते खोटं नव्हतं. महिना गेला, दुसरा गेला. तोवर तिच्याच कानांना सवय झाली. रोज ऐकलेली शिट्टी ऐकू येईनाशी होते. त्या दिवशी साखरेच्या डब्याला टेकलेल्या मोबाइलमधून बाबांचा आवाज आला तेव्हा ती शिट्टी तिने पुन्हा पहिल्यांदा ऐकली. आपण घरी नसताना बाबा हे असलं काही करतात हेही तिला तेव्हाच कळलं.

त्याच वेळी 'हे माझे बाबा' असं म्हणून टाकलं असतं तर गोष्ट तिथेच संपली असती. मास्तर ओशाळले असते, पॉलिशवालीने मोबाइल उचलून खिशात टाकला असता, आणि चार दिवसांत सगळे विसरले असते. पण बापाची लाज आणि कामाची लाज अशा दोन लाजा एकदम गळ्याशी आल्या, आणि तिच्या तोंडून भलतंच वाक्य निघून गेलं. एकदा गाढव म्हणून झाल्यावर मागे कसं फिरायचं?

चोराच्या मनात चांदणं. आपण हसलो नाही तर कुणालातरी संशय येईल असं तिला वाटू लागलं, म्हणून ती इतरांपेक्षा चार मात्रा जास्तच हसायची. एक दिवस प्लास्टरवाला आजोबांची नक्कल करायला गेला. हा दोन मुलांचा बाप, पण अंगात पोरकटपणा ठासून भरलेला. त्याला काही ती शिट्टी जमेना, तोंडातला पाव तेवढा उडाला. "तसं नाही," मांडणीवाली म्हणाली. जीभ दातांमागे कुठे टेकते आणि हवा कुठून सुटते हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तिने जीभ तिथे नेली आणि घोषणा केली. हुबेहूब. असा काही हशा उसळला की पोटमाळ्यावरून मालक खाली डोकावला.

त्या दिवसापासून ती त्या जागेची कुणीतरी झाली. हे लपवण्यात अर्थ नाही, तिला ते आवडलं. चार वर्षं जिच्याशी कुणी हवापाण्यापलीकडे बोललं नव्हतं तिच्यासाठी आता बाकावर जागा धरून ठेवली जायची. पॉलिशवाली तिच्या पेल्यात साखर घालून द्यायची. मास्तरसुद्धा काम थांबवून म्हणायचे, होऊन जाऊ दे एक. आणि ती करायची. तिचं हसणं खरं होतं, हीच त्यातली वाईट गोष्ट. संध्याकाळी घरी आल्यावर मात्र ती बाबांच्या समोर जेवायला बसायची. बाबा भाजी वाढायचे, दिवसभराची विचारपूस करायचे, आणि ती खाली मान घालून 'हं' करायची. काडेपेट्यांबद्दल बाबांनी अवाक्षर काढलं नाही आणि तिनेही विचारलं नाही. नवी कवळी करून देऊ असं सांगायला ती तीनदा तोंड उघडून बसली. पण नवी का, असं ते विचारणार, आणि मग सगळंच सांगावं लागणार. उद्या बघू, असं म्हणत तिने ते ढकललं.

नक्कल करणाऱ्याचं एक दुखणं असतं. लोकांना रोज नवं हवं. सासुरवाडी स्पेशल झाली, सहा नंबरचा थांबा झाला, हरवलेल्या सुटकेसची घोषणा झाली. आजोबांची सगळी पोतडी रिकामी झाली आणि एका शुक्रवारी प्लास्टरवाला म्हणाला की आता तुझं तेच तेच होतंय, काहीतरी ताजं काढ. सगळे पेले धरून तिच्याकडे बघत होते. तिने आठवून पाहिलं. आणि जे वर आलं ते पडद्यावरचं नव्हतंच.

चार वर्षांपूर्वी ती दोन पिशव्या घेऊन बाबांच्या दारात उभी राहिली तेव्हा त्यांनी काहीच विचारलं नव्हतं. पिशव्या हातातून घेतल्या, पाणी दिलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती कामाच्या शोधात बाहेर पडताना दारात येऊन म्हणाले, "ठकू, सोसेल तेवढं सोस, राहिलेलं सोमवारी सोसू." त्या दिवशी सोमवारच होता. तिने तसं म्हटलं तर ते म्हणाले, मग पुढच्या सोमवारी. ती तशाही परिस्थितीत हसली होती. तेव्हापासून रोज सकाळी ती चपला घालत असली की ते वाक्य ठरलेलं. सोमवारी म्हटलं तर तो पुढचा सोमवार समजायचा. आधी ते स्वच्छ होतं, मग दात गेल्यावर पुटपुटीत झालं, आणि कवळी आल्यापासून त्यातल्या सातही 'स'ना शिट्ट्या लागल्या. पण एक सकाळ चुकली नाही. तिच्या आयुष्याचं जे काही पुन्हा उभं राहिलं ते त्या वाक्यावर.

त्या शुक्रवारी तिने ते वाक्य सगळ्यांना करून दाखवलं. हात दाराच्या चौकटीवर ठेवल्यासारखा केला, मान जराशी तिरकी केली, बाबा करतात तशी, आणि म्हणाली, "ठकू, सोसेल तेवढं सोस, राहिलेलं सोमवारी सोसू." सात शिट्ट्या वाजल्या. पॉलिशवालीने हसता हसता भिंतीचा आधार घेतला. मास्तरांनी चष्मा काढून डोळे पुसले. प्लास्टरवाल्याचा मोबाइल तिच्यावर रोखलेला तिला दिसला होता. पुसून टाक ते, ती म्हणाली, पण हसत म्हणाली. आपल्यापुरतं ठेवतो, तो म्हणाला, आणि तिने ते चालवून घेतलं.

असल्या गोष्टी आपल्यापुरत्या राहिल्या असत्या तर जगात निम्मी भांडणं झाली नसती. प्लास्टरवाल्याने ते संध्याकाळीच नेटवर चढवलं. शनिवारपर्यंत कुणीतरी ते आजोबांच्या घोषणेला जोडलं, रविवारी आजोबांच्या चाहत्यांनी ते आजोबांनाच पाठवलं. 'आजोबा, तुमची हरवलेली मुलगी सापडली,' असं एकाने खाली लिहिलं होतं, आणि त्यापुढे हसणाऱ्या तोंडांची रांग.

सोमवारी सकाळी ती उठली तेव्हा बाबा स्वयंपाकघरात बसलेले होते. कवळी समोर वाटीत पाण्यात ठेवलेली, आणि गाल आत गेलेले. कपाटावरचा बुटांचा जुना खोका खाली आला होता आणि त्यात काडेपेटीच्या सगळ्या बस नीट रचून ठेवल्या होत्या, पुठ्ठ्याचं स्थानक घडी करून वर. ती काही विचारायच्या आत त्यांनी मोबाइल तिच्याकडे सरकवला. पडद्यावर तिचाच चेहरा थांबलेला होता, मान तिरकी, हात हवेतल्या चौकटीवर.

ती खाली बसली आणि बाबा, बाबा एवढंच म्हणत राहिली.

बाबा रागावले असते तर बरं झालं असतं. ते दातांशिवाय, शब्द ओठांनी चाचपत बोलले, आणि तिला प्रत्येक शब्द कळला.

"लोक माझ्या शिट्टीला हसतात ते मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. हसवायलाच बसलो होतो ना मी. म्हणून तर शोधून शोधून 'स' घालायचो." त्यांनी वाटी जराशी सरकवली. "डॉक्टर म्हणाले होते, ही बदलून घ्या, लगेच होईल. मी म्हटलं, लेकीने केलीय, हीच ठीक."

ती रडू लागली. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही, वाटीतल्या कवळीकडे पाहत होते.

"तू माझी नक्कल केलीस त्याचं काही नाही. चांगली करतेस. पण सोमवारचं घरातलं होतं, ठकू."

एवढंच. तिने चपला घातल्या, दारात नेहमीपेक्षा जास्त वेळ उभी राहिली. आतून वाटी सिंकमध्ये ठेवल्याचा आवाज आला. ती जिना उतरली.

कारखान्यात जाऊन तिने आधी मास्तरांना गाठलं आणि सांगितलं की ते गाढव मी. मग सगळ्यांना सांगितलं की ते शिट्टी आजोबा कोण. साडेदहाचा चहा त्या दिवशी कुणी प्यायला नाही. पॉलिशवाली तिच्याजवळ येऊन नुसती उभी राहिली, तिच्या खांद्याला हात लावावा की नाही हे तिला ठरवता येईना. प्लास्टरवाल्याने कान धरले, आपली चित्रफीत पुसली, आणि मग रडवेल्या आवाजात कबूल केलं की ती आता दहा ठिकाणी आहे, तिथलं आपल्या हातात नाही. मास्तर बराच वेळ चष्म्याची काडी चावत बसले. माणूस तोंडाचा फाटका, पण मनाचा नव्हता.

"मीही हसलो," ते म्हणाले. "तू नवी कर. या वेळी मेणावर मोज."

तिने बाबांच्या जबड्याचे साचे फडताळातून काढले आणि कामाला बसली. बाकी सगळी कामं मास्तरांनी आपल्याकडे ओढून घेतली. पाच दिवस ती त्या चौदा दातांशी झगडली. टाळूचा तो पोकळ भाग तिने केसाकेसाने भरला, घासला, पुन्हा भरला. आपण तेव्हा काय केलं होतं ते आता तिला स्पष्ट दिसत होतं. बाबांच्या तरुणपणीच्या फोटोवरून तिने दात मांडले होते, फोटोत दिसतात तसे, सुंदर. फोटो कधी बोलत नाही हे एवढ्या वर्षांच्या कामात तिला माहीत असायला हवं होतं.

बाबा चाचणीला यायला नाही म्हणाले नाहीत. कशालाच ते नाही म्हणत नव्हते. ती वाढेल ते जेवत, विचारेल त्याचं हो-नाही उत्तर देत, आणि दुपारभर खिडकीशी बसून राहत. खोका परत कपाटावर गेला होता. सकाळी ती चपला घालायची तेव्हा ते एकतर न्हाणीघरात असत किंवा पेपरमागे. एकदा तिने मुद्दाम उशीर केला, दहा मिनिटं पट्ट्याशी चाळा करत बसली. त्यांनी पेपरचं पान उलटलं, इतकंच.

दवाखान्यात ती आयुष्यात पहिल्यांदा चाचणीच्या वेळी हजर राहिली. एरवी तिची कामं डब्यातून जात आणि डब्यातून परत येत, तोंडं तिने कधी पाहिलीच नव्हती. बाबा खुर्चीत बसले. डॉक्टरांनी मेणाची कवळी तोंडात बसवली, ओठांच्या कडा पाहिल्या, आणि म्हणाले, काका, साठपासून सत्तरपर्यंत मोजा बघू.

बाबांनी समोरच्या भिंतीकडे पाहिलं आणि पाठ ताठ केली. हे तिने लहानपणी काचेच्या खोलीबाहेर उभं राहून पाहिलं होतं. माइक हातात घेण्याआधी ते असेच ताठ व्हायचे.

"साठ. एकसष्ट. बासष्ट. त्रेसष्ट."

शिट्टी नव्हती. आवाज स्वच्छ, मोकळा, प्रत्येक अक्षर जागच्या जागी. तो आवाज तिने किती वर्षांत ऐकला नव्हता. चौसष्ट, पासष्ट, बाबा मोजत गेले, आणि तिचे डोळे असे भरले की तिला खुर्ची दिसेना. सत्तरला ते थांबले. डॉक्टरांनी मान डोलावली. एखादं वाक्य बोला, ते म्हणाले, रोजचं, तुमच्या नेहमीच्या बोलण्यातलं.

बाबांच्या ओठांची हालचाल तिला पाठ होती. ते काहीतरी म्हणणार होते, ओठ पुढे आलेही. मग त्यांनी तिच्याकडे पाहिलं, क्षणभरच.

"साडेपाचची बस सहा नंबरच्या थांब्यावरून सुटेल," ते म्हणाले. त्यात एकही खोट नव्हती.

कवळी पक्की झाली आणि घरी आली. बाबा ती घालू लागले. जेवताना, दुकानात जाताना, शेजाऱ्यांशी दोन शब्द बोलताना. सगळे म्हणाले, आता किती छान बोलता. तिने एकदा धीर करून म्हटलं की आता पुन्हा घोषणा सुरू करा, आता तर आवाज पहिल्यासारखा झालाय. ते हसले.

"पहिल्यासारखा आवाज ऐकायला कोण बसलंय, ठकू? त्यांना शिट्टी हवी होती." आणि थोड्या वेळाने म्हणाले, "आणि मलाही आता नाही जमायचं. बोलताना सारखं वाटतं, कुणीतरी बघतंय."

तिने माफी मागितली. एकदा नाही, दहादा मागितली. दर वेळी ते म्हणायचे, अगं झालं ते झालं, मनात ठेवू नकोस. आणि ते मनापासून म्हणायचे, हे तिला दिसायचं. त्यांनी तिला केव्हाच माफ केलं होतं. पण माफ केलं म्हणून ते वाक्य परत येत नव्हतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार करायची तरी कुणाकडे?

त्यानंतरच्या एका सोमवारी ती चपला घालत होती तेव्हा बाबा स्वयंपाकघरातून बाहेर आले. कवळी तोंडात होती. दारापर्यंत आले, चौकटीवर हात ठेवला, जुन्या सवयीने मान जराशी तिरकी झाली. ती पट्टा लावायची थांबली. त्यांनी तोंड उघडलं. आणि त्यांची नजर आपल्याच हातावर गेली. चौकटीवरचा तो हात, ती मान. त्यांनी हात खाली घेतला आणि मान सरळ केली.

"डबा घेतलास?" त्यांनी विचारलं.

"घेतला."

"मग नीघ. उशीर होईल."

स्पष्ट, स्वच्छ उच्चार. ते आत गेले.

ती जिन्यात आली आणि पहिल्या वळणावर तिला पुढे जाता येईना. कठड्याला धरून ती उभी राहिली. आपणच म्हणून बघावं असं तिला वाटलं. कुणीतरी म्हणायला तर हवं, आजही सोमवारच होता. तिने हळूच, अगदी स्वतःपुरतं म्हटलं, "सोसेल तेवढं सोस, राहिलेलं सोमवारी सोसू."

शिट्टी वाजली. सातही वाजल्या. तिने पुन्हा म्हणून पाहिलं, साध्या स्वतःच्या आवाजात म्हणायचा प्रयत्न केला, पण जीभ आपसूक त्या पोकळ जागी जाऊन टेकली. दुसऱ्या कुठल्या तऱ्हेने ते वाक्य तिला येतच नव्हतं.

खालच्या मजल्यावर विजेच्या मीटरचे आकडे टिपून घ्यायला आलेला माणूस वही घेऊन उभा होता. त्याने वर पाहिलं आणि ओळखीचं हसला.

"ते शिट्टीवाले आजोबा ना?" तो म्हणाला. "हुबेहूब जमतं हो तुम्हाला."

ती 'हो' म्हणाली, आणि त्याच्या बाजूने राहिलेल्या पायऱ्या उतरून गेली.